दुनळी बंदुकीचा चिरलेला दस्ता घरच्या घरी कसा दुरुस्त करावा

दुनळीच्या लाकडी दस्त्याला चीर दिसली की बहुतेकांचा हात आधी सुपरग्लूच्या ट्यूबकडे जातो. फट भरते, वरून तेलाचा हात फिरवला की दिसेनाशीही होते. मग पुढच्या मोसमात पन्नासेक बार झाले की त्याच जागी पुन्हा उघडते, आणि या वेळी बोटभर लांब असते. लाकूड आपणहून चिरत नाही, त्याला लोखंड चिरतं. ते का चिरतंय हे न पाहता नुसती फट भरली, तर लोखंड पुन्हा तेच करणार. म्हणून या लेखात चिकटवण्याला जागा थोडी आहे, आधीच्या आणि नंतरच्या कामाला जास्त.

उदाहरणासाठी एल. सी. स्मिथ ही अमेरिकन दुनळी घेतो, कारण चिरण्याबाबत तिच्याइतकी बदनाम बंदूक दुसरी नसेल. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजमध्ये लायमन कॉर्नेलियस स्मिथ यांच्या कारखान्यात ती सुरू झाली. पुढे स्मिथ बंधू टाइपरायटरच्या धंद्यात गेले आणि हंटर कुटुंबानं हा कारखाना घेऊन जवळच्या फुल्टन गावी हलवला. १८९० पासून १९४५ पर्यंत हंटर आर्म्सनं आणि नंतर थोडी वर्षं मार्लिननं ती बनवली. १९४९ च्या जानेवारीत फुल्टनच्या इमारतीचा मजला कोसळला आणि त्यानंतर लवकरच उत्पादन थांबलं. बंदूक देखणी आहे, आजही धडधाकट चालते. पण घोडा आणि त्याची यंत्रणा दोन बाजूंच्या स्वतंत्र पट्ट्यांवर, म्हणजे लॉकप्लेटवर, बसवलेली असल्यामुळे दस्त्याचं तोंड, म्हणजे लोखंडाला टेकणारं पुढचं टोक, आतून बरंच पोखरावं लागतं. प्लेटच्या मागच्या टोकाशी जे लाकूड उरतं, नेमकी तिथेच चीर सुरू होते आणि मुठीच्या दिशेनं मागे जाते. सेकंडहँड घेणारा जाणकार माणूस नळीत डोकावण्याआधी तिथे भिंग लावतो.

तुमच्याकडची बंदूक इंग्लिश किंवा बेल्जियन असली तरी पुढचं बहुतेक सगळं लागू पडतं. फक्त लॉकप्लेटऐवजी वरच्या पट्टीचं टोक, ज्याला टँग म्हणतात, ते गुन्हेगार निघू शकेल.

कायद्याचं आधी

अमेरिकेत संघीय कायद्यानुसार स्वतःच्या मालकीच्या बंदुकीची दुरुस्ती स्वतः करता येते. पैसे घेऊन दुसऱ्यांची करायची, म्हणजे धंदा करायचा, तर फेडरल परवाना लागतो. राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत, ते बघून घ्या. भारतात गोष्ट निराळी आहे. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे निर्मिती आणि विक्रीसारखीच दुरुस्तीलाही परवान्याची गरज असते. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे दुरुस्तीचा परवाना नव्हे. कोकणात, विदर्भात पीकसंरक्षणासाठी घेतलेल्या जुन्या दुनळ्या काही घरांत आहेत. त्यांच्या मालकांनी हे काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावं. हा लेख त्यांना एवढ्यासाठी उपयोगी की कारागिराला काय सांगायचं आणि झालेलं काम कसं तपासायचं हे कळेल. ‘फेविक्विक लावून दिलं’ आणि ‘दस्ता बसवून दिला’ यांतला फरक ओळखता आला तरी पुष्कळ.

हात लावायचा की नाही

साध्या फील्ड ग्रेडच्या बंदुकीवर बिनधास्त शिका. पण क्राउन किंवा मोनोग्रामसारखी वरची ग्रेड असेल, नक्षीकाम भरगच्च असेल, दस्त्यावर मूळ फिनिश टिकून असेल, तर थांबा. अशा बंदुकीची निम्मी किंमत त्या जुन्या, काळवंडलेल्या फिनिशमध्ये असते आणि सँडपेपरच्या दहा मिनिटांत ती जाते. ती दस्त्याचंच काम करणाऱ्या माणसाकडे न्यावी.

मूठ जिथे बसते ती बारीक मान आरपार तुटून दोन तुकडे झाले असतील तर पहिलं काम म्हणून ते घेऊ नका. लांब, न उघडलेल्या चिरा, टवका उडालेली कड, पोचे, तेलानं काळं पडलेलं तोंड, एवढं नवशिक्याच्या आवाक्यातलं आहे.

बंदूक सोडवणं

बंदूक उघडा. दोन्ही नळ्यांत डोळ्यांनी बघा, मग करंगळी घालून बघा. काडतुसं त्या खोलीत नकोतच, ‘कपाटात कुलूपबंद आहेत’ हेही चालणार नाही. पुढचा लाकडी भाग काढा, नळ्या उतरवा आणि कापडात गुंडाळून बाजूला ठेवा. निम्म्या बंदुकीशी काम करायचं असलं की धोकाही तसाच कमी होतो.

आता स्क्रू. जुन्या दुनळ्यांच्या स्क्रूंची खाच कागदासारखी बारीक असते आणि बाजारातले पाचरीसारखे निमुळते स्क्रूड्रायव्हर तिच्यात तळापर्यंत बसत नाहीत. ते घसरतात, खाचेची कड उचलतात, आणि मग कितीही सुंदर दस्ता केला तरी ‘इथे कुणीतरी हात मारलाय’ हे दहा फुटांवरून दिसतं. बंदुकीच्या कामासाठी समांतर धारेचे स्क्रूड्रायव्हर मिळतात, ते घ्या. नाहीतर जुना एक घेऊन खाचेच्या मापानं घासा. खाचेतला मळ सुईनं काढा, जाम स्क्रूवर पातळ गंजतेलाचा एकच थेंब टाका आणि रात्रभर सोडा. जास्त टाकलंत तर ते लाकडात उतरेल, आणि तेल बाहेर काढायला आपण पुढे दोन आठवडे घालवणार आहोत.

पुठ्ठ्यावर बंदुकीचं ढोबळ चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. दोन स्क्रू सारखे दिसतात म्हणून अदलाबदलीचे असतात असं नाही, त्या काळी ते ज्याच्या त्याच्या भोकात हातानं बसवले जात.

लॉकप्लेट सरळ बाहेर आल्या तर ठीक. अडल्या तर उचकटू नका, कारण उचकटताना जे लाकूड पिचतं ते तेच आधीच चिरलेलं टोक असतं. प्लेटवरच्या स्प्रिंगा आणि आतली यंत्रणा सोडवण्याची आपल्याला गरज नाही. तिला हात लावायचा नाही. धातूचं सोडवणं झेपेल असं वाटत नसेल तर बंदूकसाजाकडे जा, सुटा दस्ता मागून घ्या, लोखंड त्याच्याकडेच राहू द्या. यात कमीपणा काही नाही. मात्र बसवून बघायच्या टप्प्यांना त्याच्याकडे पुन्हा जावं लागेल.

मागची बटप्लेट, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या टोकावरची पट्टी, बहुधा कडक रबराची असते आणि शंभर वर्षांत ती बिस्किटासारखी ठिसूळ होते. स्क्रू काढून अलगद सोडवा. ओढून काढाल तर दोन तुकडे हातात येतील.

चीर कुठपर्यंत गेली आहे

वरून दिसते ती चीर अर्धीच असते. दस्त्याचं तोंड आणि मान ॲसिटोननं ओल्या केलेल्या कापडानं पुसा आणि तिरप्या उजेडात धरा. लाकूड काही सेकंदांत वाळून फिकं होतं, पण चिरेत शिरलेलं ॲसिटोन मागे राहतं आणि केसाएवढी काळी रेघ उमटते. ती रेघ वाळण्याआधी तिची दोन्ही टोकं पेन्सिलीनं खूण करून ठेवा. आतल्या बाजूनं, जिथे लॉक बसतं त्या कोरलेल्या खोबणीतही हेच करा. बाहेर एक इंच दिसणारी चीर आत अडीच इंच निघाली तर नवल वाटू देऊ नका.

मग दोन्ही अंगठ्यांनी चीर हलकेच उघड-मीट करून बघा. फटीच्या कडेला तेलाचे बारीक बुडबुडे आले तर लाकूड तेलानं तुडुंब आहे. एल. सी. स्मिथमध्ये ते जवळपास नेहमीच असतं.

हे तेल येतं कुठून? बंदूक साफ करून सढळ हातानं तेल मारायचं आणि कपाटात नळ्या वर करून उभी ठेवायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. तेल नळ्यांवरून फ्रेममध्ये, म्हणजे नळ्या आणि दस्ता यांच्यामधल्या लोखंडी सांगाड्यात, आणि फ्रेममधून दस्त्याच्या तोंडात उतरतं. तिथे लाकडाच्या रेषांची टोकं उघडी असतात आणि ती तेल शोषून घेतात. अशी वर्षं गेली की तोंडाचं लाकूड नखानं दाबता येईल इतकं मऊ होतं. बार उडतो तेव्हा बारा बोअरचे तीसेक ग्रॅम छरे सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास वेगानं पुढे जातात आणि लोखंड मागे रेटलं जातं. तोंडाचं लाकूड कडक असेल तर तो धक्का रुंद भागावर पसरतो. ते मऊ पडलं असेल तर लोखंड थोडं मागे सरकतं आणि सगळा भार लॉकप्लेटच्या निमुळत्या टोकांवर येतो. ती टोकं मग पाचरीसारखी लाकडात ठोकली जातात, प्रत्येक बाराला एक घाव. अक्रोडाचं लाकूड झालं तरी ते किती सोसेल?

तेल काढणं

या पायरीला सबुरी लागते. बारीक पांढरी खडूची पूड, रंगाच्या दुकानात व्हाइटिंग म्हणून मिळते ती, ॲसिटोनमध्ये कालवून दाट लेप करा आणि दस्त्याच्या तोंडाला, आतल्या खोबणींना, चिरेच्या दोन्ही अंगांना लावा. ॲसिटोन आत शिरून तेल सैल करतं आणि उडून जाताना ते पुडीत ओढून आणतं. वाळलेला लेप सुरुवातीला तपकिरी, कधी पिवळट होतो. तो ब्रशनं झाडा आणि नवा लावा. लेप पांढराच्या पांढरा वाळेपर्यंत हे चालू ठेवायचं. फार मुरलेलं तेल असेल तर दस्त्याचं तोंड झाकणाच्या डब्यात ॲसिटोनमध्ये बुडवून दोन-तीन दिवस ठेवतात आणि नंतर लेप लावतात. चेकरिंग, म्हणजे मुठीवरची चौकड्यांची जाळी, त्यात बुडणार नाही एवढं बघा. तिच्यातलं जुनं फिनिश विरघळून कडा बुजतात.

हे काम अंगणात किंवा गॅरेजचं दार सताड उघडून करा. हातात नायट्राइलचे मोजे, जवळपास वॉटर हीटरची ज्योत नाही, सिगारेट नाही. लेपावर हीट गन मारून तेल काढायची पद्धतही आहे, पण ती कोरड्या पुडीवर. ॲसिटोन आणि हीट गन एका दिवशी एका टेबलावर येता कामा नयेत.

शेवटचा लेप निघाला की दस्ता आठवडाभर सावलीत राहू द्या. लाकूड या सगळ्यात थोडं आक्रसलेलं असतं, त्याला खोलीच्या हवेशी जुळवून घेऊ द्या. ऊन दाखवू नका, स्टोव्हजवळही नको.

पोचे वर काढणं

डिंक लावण्याआधी हे उरका, कारण इपॉक्सीला, म्हणजे दोन भाग कालवून लावायच्या डिंकाला, उष्णता मानवत नाही. पोचा म्हणजे दबलेले रेषे. तुटलेले नसतील तर वाफेनं फुगून वर येतात. सुती कापडाची घडी ओली करून पिळा, पोच्यावर ठेवा आणि गरम इस्त्रीचं टोक दोन-तीन सेकंद टेका. चर्र आवाज, वाफ, उचला, बघा, पुन्हा. उथळ पोचा तीन-चार वेळांत सपाट होतो. खरवडल्याचा ओरखडा असेल तर तिथले रेषे तुटलेले आहेत, वाफेचा उपयोग नाही. तो राहू द्या. शंभर वर्षांच्या बंदुकीवर चार ओरखडे शोभतात.

चिकटवणं

डिंक कोणता, यावर वाद घालणारे रात्र काढतील. माझं मत सांगतो. केसासारखी, न उघडणारी चीर असेल तर पाण्यासारखा पातळ सुपरग्लू, कारण दुसरं काही आत शिरतच नाही. थोडी उघडणारी चीर असेल तर सावकाश बसणारं, चोवीस तासांचं इपॉक्सी. अमेरिकेत दस्त्याच्या कामाला ब्राउनेल्सचं ॲक्राग्लास वर्षानुवर्षं वापरतात. मूळ पातळ प्रकारात चार भाग रेझिनला एक भाग हार्डनर पडतो, जेल प्रकारात समसमान. माप नीट घ्या, अंदाजपंचे नको. पाच मिनिटांत बसणारं इपॉक्सी या कामाला घेऊ नका. ते आत मुरायच्या आत घट्ट होतं. सुताराचा पिवळा किंवा पांढरा गोंद कोऱ्या लाकडाला उत्तम, पण तेलाचा अंश राहिलेल्या जुन्या दस्त्यावर त्याचा भरवसा नाही.

आधी कोरडी तालीम करा. चीर कशी मिटते, कुठे दाबली की कडा जुळतात, पट्टी कुठून सुरू करायची, हे डिंक लावण्याआधी ठरलेलं हवं. दस्ता सगळीकडून गोल आणि निमुळता असल्यामुळे लोखंडी शिकंजे त्यावर घसरतात. सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद, लांबलचक पट्टी कापा. ताणून गुंडाळत गेलं की ती सगळीकडून सारखा दाब देते आणि लाकडावर वळही उठत नाही.

इपॉक्सी कालवल्यावर भांडं कोमट पाण्यात टेकवा, ते पातळ होतं. चीर दोन अंगठ्यांनी किंवा प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीनं जेमतेम उघडा. पोलादी पातं किंवा पटाशी घालू नका, चीर पुढे पळते. डिंक एका बाजूनं लावा आणि दुसऱ्या बाजूनं, म्हणजे आतल्या खोबणीतून, व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप धरा. तो फटीतून आत ओढला जाताना दिसतो. पाइपाच्या तोंडाला पातळ फडकं बांधा, नाहीतर घरात वेगळा प्रसंग उद्भवेल. दुसऱ्या अंगानं डिंकाची रेघ उमटली म्हणजे चीर भरली. आता अंगठे किंवा प्लॅस्टिकची पट्टी काढून चीर मिटू द्या, बाहेर आलेलं पुसून घ्या, मेणकागद ठेवा आणि ट्यूबची पट्टी गुंडाळा. सुपरग्लूचं मात्र पृष्ठभागावर काही राहू देऊ नका, त्याच्यावर पुढे तेल चढत नाही आणि पांढरा डाग कायमचा दिसतो.

तळघरात थंडी असेल तर दस्ता घरात आणा. वीस अंशांच्या खाली इपॉक्सी रेंगाळतं. पूर्ण चोवीस तास पट्टीला हात लावायचा नाही.

लांब चिरेला नुसत्या डिंकावर सोडू नये. आतल्या खोबणीतून, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, चिरेला आडवं बारीक भोक पाडून त्यात आटे असलेली पितळी सळई इपॉक्सीत बसवतात. तीन मिलिमीटर जाडीची पुरते. ड्रिलच्या टोकाला चिकटपट्टी लावून खोलीची खूण करा आणि हातड्रिल वापरा. भोक दस्त्याच्या बाहेरच्या अंगाला फुटलं तर एका चिरेऐवजी दोन दुखणी होतील. आटे यासाठी की गुळगुळीत सळईला इपॉक्सी धरून राहत नाही.

टवका उडाला असेल आणि तुकडा हाताशी असेल तर तोच चिकटवा. नसेल तर अक्रोडाचाच ठिगळ लावायचा, आणि ठिगळाचे रेषे दस्त्याच्या रेषांच्या दिशेनं हवेत. बहुतेक फील्ड ग्रेड दस्ते अमेरिकन काळ्या अक्रोडाचे आहेत. वरच्या ग्रेडना युरोपियन अक्रोड असतो, जो काश्मीरमध्येही होतो, ज्याच्यावर तिथले कारागीर कोरीवकाम करतात. दोघांचे रंग जुळत नाहीत. चौकोनी ठिगळ डोळ्यात भरतो, होडीसारखा निमुळता केला तर रेषांत हरवून जातो.

चीर परत पडू नये म्हणून

इथपर्यंत पोचून बंदूक जोडणारे पुष्कळ. तसं करू नका, मुख्य काम आता आहे.

लोखंड लाकडाला कुठे टेकतंय ते आधी पाहायचं. पूर्वीचे दस्ते घडवणारे त्यासाठी तेलाच्या दिव्याची काजळी वापरत, आजही तिच्याइतकं बारीक काही दाखवत नाही. मेणबत्तीच्या ज्योतीवर लॉकप्लेटची मागची कड आणि टँगचं टोक धरून पातळ काजळी चढवा (लॉकच्या स्प्रिंगांपाशी ज्योत नेऊ नका), किंवा सरळ लिपस्टिक बोटानं लावा. प्लेट जागेवर दाबा, काढा. लाकडावर जिथे काळं उमटलं तिथे स्पर्श आहे. चिरलेल्या बंदुकीत ही खूण जवळपास हमखास प्लेटच्या मागच्या टोकाशी गडद असते आणि तोंडाच्या रुंद भागावर, जिथे खरं तर ती हवी, तिथे काहीच नसतं.

अरुंद, धारदार पटाशीनं मागच्या टोकाशी लाकूड खरवडा. ठोकायचं नाही, नुसतं खरवडायचं. टोक आणि लाकूड यांत जाडसर व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी फट हवी. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. टँगच्या मागेही तेवढीच. बाजूंना हात लावू नका, तिथे प्लेट घट्टच बसायला हवी. फक्त मागच्या टोकाला मोकळीक. ही फट बाहेरून दिसते आणि काहींना खटकते. न चिरलेला दस्ता हवा असेल तर ती सोसा.

आता तोंडाला नवं टणक बूड द्यायचं. दस्त्याच्या तोंडाचा जो भाग फ्रेमच्या मागच्या सपाट भिंतीला टेकतो तिथलं मऊ, काळं लाकूड अर्धा-एक मिलिमीटर आतून खरवडून टाका. बाहेरून दिसणारी कड शाबूत ठेवा. लोखंडाला सगळीकडे, खाचांत, कडांवर, स्क्रूंच्या आट्यांत, ॲक्राग्लाससोबत मिळणारं सुटण्याचं द्रावण किंवा मेणाचं पॉलिश दोन हात लावा. भोकं आणि जिथे इपॉक्सी शिरायला नको त्या पोकळ्या मुलांच्या खेळायच्या क्लेनं भरा. एक कोपरा जरी कोरडा राहिला तर फ्रेम आणि दस्ता यांचं लग्न लागलं म्हणून समजा. जेल इपॉक्सीत सोबतचा तपकिरी रंग कालवून तोंडाला पातळ थर द्या, फ्रेम बसवा, स्क्रू हातानं घट्ट करा, पिळू नका. बाहेर आलेलं लगेच पुसा.

दुसऱ्या दिवशी लाकडी हातोडीनं हलके टकटक केलं की जोड सुटतो. आत फ्रेमचा आरशासारखा ठसा दिसेल. लॉकप्लेट घालून पुन्हा काजळीची परीक्षा घ्या. आता तोंडावर काळं उमटायला हवं आणि प्लेटच्या टोकांशी काहीच नको. उलट दिसलं तर अजून खरवडा.

घासणं आणि तेल

सँडपेपर कमीत कमी. लाकूड लोखंडाच्या कडेपेक्षा केसभर उंच असायला हवं. कारखान्यातून ते तसंच निघत असे. घासून घासून ते खाली गेलं की दुरुस्ती कितीही चांगली असो, बंदूक हडकुळी दिसते. म्हणून कडांपासून एक सेंटिमीटर आत कागद नेऊच नका. जुनं फिनिश काढायचंच असेल तर रासायनिक स्ट्रिपर आणि प्लॅस्टिकचा ब्रश वापरा. चेकरिंगवर चिकटपट्टी लावा. नंतर २२० आणि ३२० नंबरचा कागद ठोकळ्यावर गुंडाळून, रेषांच्या दिशेनं. ओल्या फडक्यानं पुसलं की लाकडाची लव उभी राहते. ती वाळली की ४०० नंबरनं उडवा. इतकं बस.

तेल म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल किंवा ट्रू-ऑइलसारखं तयार मिश्रण. जवसाचं तेल जुन्या बंदुकीला शोभतं पण वाळायला दिवसेंदिवस घेतं. ट्रू-ऑइल लवकर वाळतं, जाड लावलं तर प्लॅस्टिकसारखं चमकतं. इंग्लिश दस्ते घडवणारे जवसाच्या तेलात अल्कनेटचं मूळ भिजवून त्याला लालसर रंग आणत. आपल्याकडे रोगनजोशला लाली आणणारी रतनजोत याच कुळातली. कुठलंही घ्या, बोटांवर दोन थेंब, तळहाताच्या उष्णतेनं चोळून लावायचं, पंधरा मिनिटांनी कोरड्या कापडानं सगळं पुसून काढायचं, एक दिवस वाळू द्यायचं. ०००० नंबरचं स्टील वूल मधूनमधून फिरवा. सहा-सात पातळ हात एका जाड हातापेक्षा केव्हाही सरस. चेकरिंगमध्ये टर्पेंटाइननं पातळ केलेलं तेल टूथब्रशनं लावा आणि लगेच कोरड्या ब्रशनं उचला.

बाहेरून दिसत नाही म्हणून सोडून देतात ती जागा आतली. तोंडाच्या आतल्या खोबण्या आणि बटप्लेटखालचा छेद यांना दोन हात नक्की द्या. दमट हवा आणि बंदुकीचं तेल दोन्ही तिथूनच आत शिरतात.

जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून डब्यात टाकू नका. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा अंगणात सुटी पसरून पूर्ण वाळू द्या, मग फेका.

जोडल्यावर

स्क्रू पुठ्ठ्यावरच्या जागेप्रमाणे परत. ते पूर्ण बसल्यावर खाचा जशा मूळ उभ्या होत्या तशाच आल्या तर जोडणी बरोबर झाली. बंदूक दोन-चार दिवस तशीच ठेवा आणि पुन्हा स्क्रू तपासा, लाकूड थोडं बसतं.

बार उडवण्याआधी नळ्या आणि त्यांची फ्रेमवरची पकड बंदूकसाजाला दाखवाच. दस्ता दुरुस्त झाला म्हणजे बंदूक चालवण्याजोगी झाली असं नाही. कित्येक जुन्या बारा बोअरचं चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, आजच्या पावणेतीन इंची काडतुसापेक्षा आखूड असतं. काडतूस आत बसतं, पण उडताना पुढे उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब चढतो. नळ्यांवर डमास्कसची, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या जुन्या नळीची, नागमोडी नक्षी असेल तर आधुनिक काडतूस तिच्यात घालूच नका. चेंबरचं माप कळलं की त्या मापाची, हलक्या दाबाची काडतुसं मागवा. ती मिळतात.

पंचवीस बार झाल्यावर लॉकप्लेटच्या मागे ती व्हिजिटिंग कार्डाची फट अजून आहे का ते बघा, आणि ॲसिटोनचं फडकं एकदा फिरवा. फट मिटली असेल तर तोंड अजून दबतंय, पुन्हा बूड द्यावं लागेल. आणि कपाटात बंदूक यापुढे नळ्यांची तोंडं खाली करून, फोमच्या तुकड्यावर उभी करा.